कान नसलेलं मांजर, शेपूट गळणारं गाढव: मुलांना खोट असलेलीच पात्रं का आवडतात?

पेन्सिलचं_टोक (धागाकर्ता)

परवा लेक (वय साडेसहा) क्लेचा डोरेमॉन करत बसली होती. निळा गोळा, पांढरं तोंड, लाल नाक, गळ्यात घंटी, सगळं झकास जमलेलं. मग मी आगाऊपणा केला. 'मांजर आहे ना, मग कान कुठायत?' म्हणत दोन त्रिकोण करून डोक्यावर चिकटवले. तिनं आधी लांबून पाहिलं, मग जवळून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता नखानं दोन्ही कान उकरून काढले. डोक्याला दोन खळगे पडले, ते थुंकी लावून सारखे केले. वर मला म्हणते, 'बाबा, कान लावले की ते नुसतं मांजर होतं.'

तेव्हापासून डोक्यात भुंगा सुरू आहे. या डोरेमॉनचे कान यंत्र-उंदरानं कुरतडले आणि तेव्हापासून तो उंदराला टरकतो. म्हणजे मांजर, पण कान नाहीत, आणि भीती कुणाची तर उंदराची! त्याची उंची १२९.३ सेंटीमीटर ठेवली, कारण त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांची सरासरी उंची तेवढी होती. त्यानं मुलांकडे वरून खाली बघू नये हा हेतू. पुढे वजनही १२९.३ किलो आणि उंदीर दिसल्यावर पळायचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर. हा शुद्ध आचरटपणा, पण मला भारी आवडतो.

मग एकेक आठवायला लागलं. विनी-द-पूच्या गोष्टीतल्या ईयोर गाढवाची शेपूट खिळ्यानं ठोकलेली, सारखी गळते. १९२६च्या मूळ पुस्तकात ती घुबडाच्या दारावर घंटेची दोरी म्हणून लटकलेली सापडते. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' या २०१० सालच्या सिनेमातल्या टूथलेस नावाच्या ड्रॅगनच्या शेपटीचा अर्धा पंखा तुटलेला, त्यामुळे पोरगं पाठीवर बसल्याशिवाय त्याला नीट उडताच येत नाही. आणि शेवटी त्या पोराचाही एक पाय जातो.

माझं म्हणणं असं की मूल अशा प्राण्याला त्याच्या जादूमुळे धरत नाही, खोटीमुळे धरतं. आणि कंपन्यांना नेमकं हेच कळत नाही. पुढच्या भागात पंख दे, मुकुट दे, चकाकी दे, असं करत त्या खोट बुजवत जातात. मग उरतं नुसतं मांजर.

तुमच्या घरातल्या लाडक्या प्राण्याची खोट कोणती? लिहा.

---

चिंधीबाई

धागा आवडला! आमच्याकडच्या कापडी अस्वलाचा एक डोळा तीन वर्षांपूर्वी पडला. मी अगदी जुळता बटणाचा डोळा शोधून शिवायला बसले तर पोरगं हंबरडा फोडून रडलं. 'त्याला आता दोन दिसतील!' दोन काय दिसतील ते मला आजतागायत कळलेलं नाही. डोळा अजून सुयांच्या डबीत पडून आहे.

यावरून लाल नाकाच्या रेनडियरचा १९६४चा टीव्ही कार्यक्रम आठवला. त्यात बिघडलेल्या खेळण्यांचं एक बेट आहे. चौकोनी चाकांचा डबा असलेली आगगाडी, ठिपक्यांचा हत्ती वगैरे. पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांना सोडवून न्यायचं वचन देतात आणि शेवटी विसरूनच जातात. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना घेऊन जाण्याचा प्रसंग नव्यानं घातला. त्या बेटावर एक बाहुलीही आहे. तिच्यात काय बिघाड आहे हे कार्यक्रमात सांगितलेलंच नाही. मला तीच सगळ्यात जवळची वाटते. :)

---

शंकासुर

धागाकर्त्याची क्षमा मागून. उदाहरणं निवडून घेतली की कुठलाही सिद्धांत सिद्ध होतो. माझ्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना खोटबिट काही नको असते, त्यांना आकडे लागतात. पोकेमॉनमध्ये कोण किती ताकदीचा, कोण कुणाला लोळवतो, कोणाचे किती गुण. सकाळी दात घासतानासुद्धा तेच. करुणरस आपण मोठी माणसं त्यात घालतो. मुलांना थोर, अजस्र, आग ओकणारे काहीतरी हवे असते.

आणि तुमचा तो टूथलेस. २०१९च्या तिसऱ्या भागात त्याला एकट्याने उडता येईल अशी शेपूट मिळते. तिथे पोरे रडली, पण ती शेपूट मिळाली म्हणून नव्हे. मग कुठे गेली तुमची खोट?

---

पेन्सिलचं_टोक

@शंकासुर, ती शेपूट मिळाल्यावर तो काय करतो? निघून जातो! खोट बुजली आणि गोष्ट संपली. याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं, आभार. :D

आणि मधला २०११चा छोटा सिनेमा राहिला. त्यात पोरगं त्याला आपोआप चालणारी शेपूट करून देतं. तो एकटा भटकून येतो, मग ती नवी शेपूट आपटून आपटून मोडतो आणि जुनी तोंडात धरून आणून पोरापुढे ठेवतो. बस मागे, चल.

---

रानजाई

हसून हसून पुरेवाट. शंकासुरजी, तुम्हीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. पोकेमॉनमधले 'आकडे' म्हणजे शेवटी काय? प्रत्येकाची खोटच! पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. सगळ्यांवर भारी असा प्रकारच नाही. पिकाचूची एवढी वीज, पण जमीन प्रकाराच्या प्राण्याला तिनं साधी गुदगुलीही होत नाही. तुमचे चिरंजीव दात घासताना अठरा प्रकारांच्या खोटी पाठ म्हणत असतात.

त्यातला परी हा प्रकार सगळ्यात उशिरा, २०१३मध्ये आला. तोवर ड्रॅगन लोक फार माजले होते. तर परीवर ड्रॅगनचा हल्ला शून्य. अर्धा नाही, पाव नाही, शून्य. हातभर गुलाबी प्राणी समोर उभा आणि अजस्र ड्रॅगन हात चोळत बसलेला. आणि परीला कोण हरवतं? विष आणि पोलाद. युरोपातल्या जुन्या लोककथांत पऱ्यांना लोखंड चालत नाही, ते कुणीतरी इथं आणून बसवलंय असं मला वाटतं. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, 'माहितीये गं आई.'

---

हळदीचे_रोप

+१ रानजाई. 'हात चोळत बसलेला ड्रॅगन' डोळ्यांसमोर आला.

---

गोगलगाय

जरा मोठा प्रतिसाद आहे, चालवून घ्या.

सेसमी स्ट्रीट या अमेरिकन कार्यक्रमात (१९६९पासून) बिग बर्ड नावाचा आठ फूट दोन इंचांचा पिवळा पक्षी आहे. सुरुवातीला तो गावंढळ, मठ्ठ असा दाखवत. पोशाखाच्या आत असलेल्या कॅरोल स्पिनी यांना वाटलं की हा मठ्ठ नाही, लहान आहे. मग तो साधारण सहा वर्षांचं मूल झाला. एवढा ताडमाड आणि वय सहा, ही पहिली खोट.

पण मला सांगायचंय ते त्याच्या मित्राबद्दल. १९७१मध्ये स्नफलअपगस आला. मॅमथसारखा तपकिरी, केसाळ, लांब पापण्यांचा, हळूबाईसारखा बोलणारा. तो फक्त बिग बर्डला दिसायचा. मोठी माणसं यायच्या क्षणाला हा नेमका निघून गेलेला असायचा. बिग बर्ड जीव तोडून सांगायचा, तो आत्ता इथंच होता! आणि मोठी माणसं मान हलवायची, हो हो, तुझा काल्पनिक मित्र ना. घरी बघणाऱ्या मुलांना मात्र तो ढळढळीत दिसत होता. म्हणजे खोट प्राण्यात नव्हती. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, हीच ती खोट.

चौदा वर्षं हा विनोद चालला. मग लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या बातम्यांची जाहीर चर्चा सुरू झाली आणि कार्यक्रम करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. आपण रोज मुलांना काय शिकवतोय? की खरं सांगितलं तरी मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत? मग मूल सांगायलाच जाणार नाही. म्हणून १९८५मध्ये त्यांनी स्नफीला सगळ्यांसमोर आणलं. या खेपेला तो निसटू नये म्हणून छोटा एल्मो त्याची सोंड धरून लोंबकळतो. मोठी माणसं येतात, बघतात आणि एकेक जण बिग बर्डची माफी मागतो.

@पेन्सिलचं_टोक, तुमच्या हिशेबानं ही खोट बुजवणंच झालं. पण ती बुजवायलाच हवी होती. त्या भागानंतर स्नफी थोडा साधा झाला हे मी मान्य करते, पूर्वीची ती चुटपुट राहिली नाही. तरीही.

---

पेन्सिलचं_टोक

@गोगलगाय, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा नियम इथं लंगडा पडतो, मान्य.

---

उलटा_चष्मा

अवांतर: गुन्हा एकाचा आणि फाशी दुसऱ्याला. १६ डिसेंबर १९९७ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, काहींना झटके आले. मालिका चार महिने बंद. तो प्रकाश आला होता पिकाचूनं क्षेपणास्त्रांवर वीज टाकली त्यातून. पण त्या भागात पोरीगॉन नावाचा एक कोनाकोनांचा गुलाबी-निळा प्राणी पाहुणा होता. पिकाचू जगभर मिरवतोय आणि पोरीगॉनला त्यानंतर मालिकेत धड भूमिका म्हणून मिळालेली नाही. त्याची पुढची दोन रूपं आली, तीही वाळीत.

ही खोट कुठल्या खात्यात टाकायची?

---

शंकासुर

'मोठ्याचे पाप लहानाच्या माथी' या खात्यात.

---

निळी_शाई

चेबुराश्का कुणालाच आठवला नाही? रशियन. १९६६चं एदुआर्द उस्पेन्स्की यांचं पुस्तक, १९६९पासून बाहुल्यांचे सिनेमे. मोठाले गोल कान, तपकिरी अंग, आणि कोणता प्राणी ते कुणालाच माहीत नाही. संत्र्यांच्या पेटीत झोपून चुकून परदेशातून येतो. पेटीत बसून पाय आखडलेले, म्हणून टेबलावर बसवला की धपकन पडतो, आणि त्या पडण्यावरूनच नाव. प्राणिसंग्रहालयात नेतात तर ते म्हणतात, हा कुठल्या पिंजऱ्यात ठेवायचा ते आम्हाला ठाऊक नाही, घेऊन जा.

लेखकानं प्रस्तावनेत म्हटलंय की लहानपणी आपल्याकडे असं एक खेळणं होतं. कारखान्यात इतकं वाईट बनलेलं की ससा आहे, कुत्रा आहे की मांजर, सांगताच यायचं नाही. म्हणजे धागाकर्त्याच्या शब्दात खोटच आधी जन्मली, पात्र मागाहून.

माझ्या भाचीला हे सिनेमे दाखवले तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, 'मग त्याला पिंजरा नाही ते चांगलंच झालं ना?' मला इतकी वर्षं ते दुःखाचं वाटत होतं!

---

मोरपिसारा

खोट बुजवण्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. माय लिटल पोनी. २०१०ला सुरू झालेल्या मालिकेत ट्वायलाइट ही एकशिंगी घोडी होती. पुस्तकातला किडा, मैत्रीण एकही नाही. तिला मैत्री शिकायला गावात धाडतात. माझी मुलगी तेव्हा नुकतीच नव्या शाळेत गेलेली, त्यामुळे ट्वायलाइट तिची जिवाभावाची. २०१३मध्ये तिसऱ्या पर्वाच्या शेवटी तिला पंख फुटले आणि ती राजकन्या झाली. शिंग आणि पंख दोन्ही असलेल्या घोड्याला तिथं 'अलिकॉर्न' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ नुसतं एकशिंग्याचं शिंग.

वाढदिवसाला पंखवाली मिळाली. पोरीनं काय करावं? एक हातरुमाल घेऊन तिच्या पाठीवर शालीसारखा गुंडाळला आणि पोटाखाली गाठ मारली. पंख झाकले गेले. 'आज ती जुनीवाली आहे.' कधीतरी रुमाल सोडायची, तेव्हा ती राजकन्या असायची आणि इतरांशी जरा शिष्टपणे बोलायची. तो आवाजही वेगळा!

जाता जाता, त्यातली राज्य करणारी घोडी सेलेस्टिया आधी राणी होणार होती. पण राणी म्हटलं की दुष्ट वाटते म्हणून तिला राजकन्या केलं. हजार वर्षं राज्य करतेय तरी राजकन्याच. आणि मालिकेत पांढरीशुभ्र असलेली ती, तिचं सुरुवातीचं खेळणं मात्र गुलाबी. खेळणं आधी की गोष्ट आधी, याचं उत्तर तिथंच मिळतं.

---

तिखटमीठ

एक कटू प्रतिसाद. दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.

नर पात्रांची खोट राहू देतात, बाईची मात्र दुरुस्त करतात, हे लक्षात आलं का कुणाच्या? स्मर्फ नावाच्या छोट्या निळ्या कार्टून-बुटक्यांमध्ये एक भित्रा, एक आळशी, एक चिडका, सगळे तसेच गोड. १९६६मध्ये स्मर्फेट येते. तिला त्यांचा वैरी जादूगार गार्गामेल मातीतून घडवतो, स्मर्फांच्यात फूट पाडायला. काळे केस, बडबडी, सगळ्यांना नकोशी. मग पापा स्मर्फ तिच्यावर प्रयोग करतात आणि ती निघते लांब सोनेरी केसांची. एका रात्रीत सगळे लट्टू. आणि तिचा स्वभाव म्हणजे काय, तर 'मुलगी'. कॅथा पोलिट यांनी १९९१मध्ये अशा घोळक्यातल्या एकुलत्या एक मुलीला 'स्मर्फेट तत्त्व' असं नावच दिलं.

मला ती काळ्या केसांची बडबडी जास्त बघायची होती.

---

मोरपिसारा

@तिखटमीठ, दिवा कसला, मशाल घेतली. शंभर टक्के सहमत.

---

भाषाभगिनी

'पीटर पॅन'मधल्या टिंकर बेल या परीचं नाव निघालं नाही अजून, म्हणून. 'टिंकर' म्हणजे भांड्यांना डाख देणारी. मूळ नाटकात ती भांडी-किटल्या दुरुस्त करते म्हणून तिचं हे नाव. म्हणजे आपल्या भाषेत कल्हईवाली परी! भाषांतर करणाऱ्यांनी असं नाव ठेवलं असतं तर मी दहा प्रती घेतल्या असत्या.

१९०४च्या लंडनच्या प्रयोगात तिला शरीरच नव्हतं. आरशानं पाडलेला उजेडाचा ठिपका आणि घंटीचा आवाज, बस. ती मरायला टेकते तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून परीवर विश्वास असल्याचं सांगायचं. लेखक जे. एम. बॅरी यांना धास्ती, टाळ्या पडल्याच नाहीत तर? म्हणून वादकांना बजावून ठेवलं होतं, वेळ आली तर तुम्ही वाजवा. गरज पडली नाही. नंतरच्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की पऱ्या इतक्या लहान असतात की एका वेळी एकच भावना मावते. त्यामुळे ती कधी पूर्ण चांगली, कधी पूर्ण दुष्ट. साडेतीन वर्षांच्या मुलाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

आणि एक मजा. परीची धूळ अंगावर पडल्याशिवाय उडता येत नाही, हा नियम पहिल्या प्रयोगांत नव्हता. मुलं घरी जाऊन पलंगावरून उड्या टाकायला लागली, डॉक्टर गाठावे लागले, तेव्हा पालकांच्या सांगण्यावरून तो घातला. जादूचा नियम सुरक्षिततेच्या सूचनेतून आलेला!

---

चिंधीबाई

कल्हईवाली परी!!! आता मुलाला हेच सांगणार.

---

हळदीचे_रोप

दात विचकणाऱ्या लाबूबू बाहुलीची खोट कोणती मग? कासिंग लुंग यांच्या २०१५च्या चित्रपुस्तकातली ती मूळची. आता चावीला लटकून सगळीकडे.

---

पेन्सिलचं_टोक

@हळदीचे_रोप, हसू गोड करता येत नाही ही खोट धरू. पण आता तिला लोक गोष्टीमुळे ओळखतच नाहीत, डबा उघडल्यावर कुठली निघते त्यासाठी घेतात. तिथं माझा नियम लागू नाही, कारण ते मूल नव्हे, मोठी माणसं उघडतायत. :)

---

शंकासुर

दोन दिवस गप्प होतो. कारण सांगतो, पण फार हसू नका.

चिरंजीवांच्या खेळात मॅजिकार्प नावाचा मासा आहे. जगातला सर्वांत निरुपयोगी पोकेमॉन. सुरुवातीला त्याला एकच डाव येतो, नुसते फडफडणे, आणि त्याने समोरच्याचे काहीही होत नाही. पण चिकाटीने विसाव्या पायरीपर्यंत नेला की त्याचा गियाराडॉस होतो, अजस्र निळा सर्प, महाशक्तिमान. म्हटले, आमच्या आकडेबाजाने तो केव्हाच करून ठेवला असणार.

काल रात्री शेजारी बसलो. मासा लढाई जिंकला (म्हणजे दुसऱ्याने जिंकून दिली), पडद्यावर रूप बदलायची चकचक सुरू झाली. आणि पठ्ठ्याने अंगठा बी बटणावर दाबला. ते दाबले की बदल थांबतो. मासा तसाच राहिला. पायरी पाहिली तर एकतीस. म्हणजे विसाव्यापासून दर पायरीला हा उद्योग चालू आहे.

'अरे, ताकद वाढली असती ना?' मी.

'ताकदवाले पाच आहेत की माझ्याकडे,' तो. मग जरा थांबून, 'बाबा, हा फडफडतो.'

---

रानजाई

@शंकासुर, नाव काय ठेवलंय माशाचं?

---

शंकासुर

... माझे. :|